मधातले पाणी पोळ्यातच मोजावे

मधाविषयी आपल्याकडे चर्चा होते ती दोनच प्रश्नांची. मध शुद्ध आहे का, आणि तो गरम केलेला आहे का? त्यात पाणी किती आहे, हा तिसरा प्रश्न गिऱ्हाईक विचारत नाही आणि बहुतेक विक्रेत्यांना त्याचे उत्तर ठाऊक नसते. बरणी दोन वर्षे टिकणार की दोन महिन्यांत फसफसणार, हे मात्र याच आकड्यावर ठरते. सोलापूरसारख्या जिल्ह्यात हा प्रश्न उपस्थित करणे काहींना विचित्र वाटेल. पर्जन्यछायेतला हा दुष्काळी मुलूख. इथे पाणी जमिनीत नाही, विहिरीत नाही, मग मधात कुठून येणार? पण डाळिंबाच्या बागांत परागीभवनासाठी पेट्या ठेवणारे शेतकरी वाढत आहेत, सूर्यफूल आणि करडईच्या रानात मेलिफेरा जातीच्या मधमाश्यांच्या वसाहती येऊन राहतात, आणि आग्या मोहोळाचा मध तर पूर्वीपासून बाजारात येतोच. या सगळ्या मधाचा ओलावा एकसारखा नसतो आणि ज्या वेळी तो मोजायला हवा त्या वेळी मोजलाही जात नाही. उपलब्ध शास्त्र आणि इथली हवा ही दोन्ही एकत्र ठेवून पाहिली तर निष्कर्ष एकच निघतो. मधातल्या पाण्याचा निकाल चौकट मधयंत्रात घालण्याआधी लागलेला असतो. त्यानंतर यंत्राने, आचेने किंवा निर्वाताने केलेली सगळी दुरुस्ती महागडी असते आणि बऱ्याचदा मधाच्या मुळावर येते.

पाणी इतके महत्त्वाचे का, याचे कारण यीस्ट. साखरेच्या दाट द्रावणातही तग धरणारी यीस्ट फुलांवर, मातीत, जुन्या पोळ्यांत आणि मध काढण्याच्या भांड्यांवर असतातच. एरवी मधातली साखर पाणी इतके घट्ट धरून ठेवते की यीस्टला ते वापरता येत नाही. पाण्याचा टक्का वाढला की ही पकड सैल होते. कॅनडाच्या लॉकहेड यांनी १९३३ मध्ये प्रसिद्ध केलेले कोष्टक आजही जगभर वापरले जाते. मधात पाणी १७.१ टक्क्यांहून कमी असेल तर यीस्ट कितीही असोत, वर्षभर आंबण्याची भीती नाही. १८ टक्क्यांपर्यंत असेल तर ग्रॅममागे हजारापेक्षा कमी यीस्ट असेपर्यंत तो सुरक्षित. १९ टक्क्यांपर्यंत ही मुभा ग्रॅममागे दहावर येते, २० टक्क्यांपर्यंत एकावर, आणि २० च्या पुढे धोका कायमचाच. आपल्या कायद्याची रेषा नेमकी याच २० वर आहे. भारतीय अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या २०११ च्या नियमांत मधात २५ टक्क्यांपर्यंत पाणी चालत होते. २०१८ च्या सुधारणेत ही मर्यादा २० वर आणली गेली आणि आंतरराष्ट्रीय कोडेक्स मानकाशी ती जुळली. अमेरिकेत पहिल्या प्रतीच्या मधासाठी १८.६ टक्के ही कमाल मर्यादा आहे. म्हणजे १९.९ टक्क्यांचा मध आपल्याकडे कायद्याने पास आहे, पण लॉकहेडच्या हिशोबाने तो टिकेल की नाही हे नशिबावर. जुन्या नियमांची एक खूण अजून शिल्लक आहे. मधाची विशिष्ट घनता २७ अंशांना किमान १.३५ असावी, असे मानक सांगते. प्रत्यक्षात २० टक्के पाण्याच्या मधाची घनता १.४० च्या घरात असते. १.३५ ला उतरलेल्या मधात पाणी २५ टक्क्यांच्याही पुढे गेलेले असेल. त्यामुळे निव्वळ घनतेवर विसंबणाऱ्याला हे मानक काहीच सांगत नाही.

मधमाशी हे पाणी कसे घालवते, ते नीट पाहिल्याशिवाय पुढचे कळणार नाही. फुलातला रस येतो तो साठ ते ऐंशी टक्के पाणी घेऊन. पोळ्यातल्या कामकरी माश्या तो तोंडातोंडी फिरवतात, सोंडेवर पातळ थेंब पसरवून वाळवतात, मग षट्कोनी घरांच्या भिंतींना थोडा थोडा चिकटवतात आणि पंखांनी हवा खेळती ठेवतात. पाणी १८ च्या आसपास आले की घरावर मेणाचे टोपण बसते. या कामाला एक मर्यादा आहे आणि ती माशीच्या हातात नाही. मध हवेतला ओलावा घेतो आणि सोडतो, आणि हवेच्या आर्द्रतेशी त्याचा समतोल ठरलेला असतो. हवेची सापेक्ष आर्द्रता ५० टक्के असेल तर मध सुमारे १५.९ टक्के पाण्यावर स्थिरावतो. ६० टक्क्यांना १८.३, ६५ ला २०.९, ७० ला २४.२ आणि ८० टक्क्यांना तब्बल ३३ टक्के. पेटीच्या आत माश्या स्वतःची उष्णता वापरून बाहेरच्यापेक्षा कोरडी हवा राखतात, म्हणून पावसाळी मुलखातही मध पिकतो. पण बाहेरची हवा जितकी दमट, तितके हे काम लांबते आणि जड जाते. महाबळेश्वरला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो, तर सोलापूरची वार्षिक सरासरी साडेपाचशेच्या आसपास. मार्च-एप्रिलच्या दुपारी सोलापुरात सापेक्ष आर्द्रता तीस टक्क्यांच्याही खाली जाते. सह्याद्रीत सातेरी जातीच्या माश्या पाळणाऱ्याला जे साधायला यंत्र लागते, ते इथल्या हवेत आठ महिने फुकट मिळते. डिसेंबर ते मे या काळात सोलापूरच्या चौकटीवरचा टोपण बसलेला मध १८ टक्क्यांच्या आत असायला काहीच अडचण नाही. तो तसा नसेल तर दोष हवेचा म्हणता येणार नाही.

मग इथे ओला मध येतो कुठून? पहिले कारण डाळिंबाच्या बहारात आहे. केगावला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे, सोलापूरच्या डाळिंबाला भौगोलिक मानांकन आहे, आणि या पिकाची फुले तीन वेगवेगळ्या काळांत धरता येतात. आंबे बहार जानेवारी-फेब्रुवारीत, मृग बहार जून-जुलैत, हस्त बहार सप्टेंबर-ऑक्टोबरात. पेट्या बहाराबरोबर येतात. आंबे बहाराच्या पेटीभोवती करडई, कांद्याचे बीजोत्पादन, बोर, पुढे कडुनिंब असतो आणि हवा कोरडी असते. मृग आणि हस्ताच्या पेटीभोवती पावसाची झड असते आणि सकाळची आर्द्रता ऐंशीच्या आसपास. त्या दिवसांत खरिपाचे सूर्यफूल किंवा तीळ फुलला तर रस भरपूर येतो, पण पिकायला हवा साथ देत नाही. डाळिंबाकडून माशीला मुख्यतः पराग मिळतो आणि मंगळवेढ्याच्या ज्वारीच्या शिवारातही परागच, त्यामुळे मध जमतो तो भोवतालच्या फुलोऱ्यातून आणि तो नेमका कोणता, याकडे लक्ष नसते. दुसरे कारण स्थलांतर. बागेत फवारणी ठरली की पेट्या घाईने हलवाव्या लागतात, आणि भरलेल्या चौकटी ट्रकमध्ये तुटतात म्हणून आदल्या रात्री मध काढून घेतला जातो. निम्मी घरे उघडी असली तरी. तिसरे कारण आग्या मोहोळ. पाण्याच्या टाकीवरचे किंवा उंच झाडावरचे पोळे अख्खे कापून पिळले की पक्व मध, कच्चा रस, पराग आणि अळ्यांचा चीक एकाच पातेल्यात येतो. वर्ध्याच्या सेंटर ऑफ सायन्स फॉर व्हिलेजेसने आग्या मोहोळातला फक्त मधाचा भाग कापून घेण्याची, पिलावा तसाच ठेवण्याची पद्धत वर्षानुवर्षे शिकवली आहे. माशी वाचवण्यासाठी ती पद्धत आली, पण ओलावा कमी ठेवण्यातही तिचा तितकाच वाटा आहे. चौथे कारण साठवण, आणि ते सगळ्यांत चीड आणणारे. मार्चमध्ये १७ टक्क्यांचा उत्तम मध काढायचा, आणि जुलैत झाकण सैल असलेल्या डब्यात ठेवून त्याच्या वरच्या थरात पाणी शोषू द्यायचे. मधात ओलावा खाली फार हळू उतरतो, म्हणून वरचा बोटभर थर पातळ होतो, तिथे फेस येतो आणि मग अख्खा डबा बिघडला म्हणून ओरड होते.

या सगळ्यावर उपाय मोजणे हाच, आणि मोजण्याचे साधन आता कुणाच्याही आवाक्यात आहे. दोन-तीन हजार रुपयांना हातात धरायचा मधाचा रिफ्रॅक्टोमीटर मिळतो. काचेवर मधाचे दोन थेंब ठेवून उजेडाकडे धरले की निळ्या-पांढऱ्या सीमेवर आकडा वाचता येतो. मधात पाणी जितके जास्त तितका त्याचा अपवर्तनांक कमी, हे यामागचे साधे तत्त्व. चॅटवे यांनी १९३२ मध्ये त्याचे कोष्टक केले आणि १९५५ मध्ये वेडमोर यांनी ते दुरुस्त केले. २० अंश सेल्सियसला अपवर्तनांक १.४९१५ असेल तर पाणी १८ टक्के, १.४८६५ असेल तर २० टक्के. साधन सोपे आहे, पण सोलापुरात ते वापरताना घात होतो तो तापमानामुळे. मध तापला की अपवर्तनांक घटतो, दर अंशाला सुमारे ०.०००२३ इतका. पाण्याच्या भाषेत हा फरक दर अंशाला साधारण ०.०९ टक्के. एप्रिलच्या दुपारी पत्र्याच्या शेडमध्ये मध ३८ अंशांवर असेल तर दुरुस्ती न केलेल्या साधनावर खरा १९ टक्क्यांचा मध २०.६ दाखवतो आणि खरेदी केंद्रावरून परत जातो. जानेवारीच्या पहाटे १४ अंशांना उलटे घडते. २०.३ टक्क्यांचा मध १९.८ दिसतो आणि पास होतो. साधनावर आपोआप तापमान दुरुस्तीचे लेबल असते खरे, पण ती सहसा १० ते ३० अंशांपर्यंतच चालते. सोलापूरच्या उन्हाळ्यात शेडमधला पारा त्या पल्ल्याबाहेर असतो, याकडे कुणाचे लक्ष जात नाही. साधन आणि नमुना दोन्ही रात्रभर घरात ठेवून सकाळी लवकर मोजले तर हा प्रश्न बराचसा मिटतो.

साधनावर बऱ्याचदा तीन मापपट्ट्या असतात : ब्रिक्स, बोमे आणि पाणी. ब्रिक्स वाचून शंभरातून वजा करणाऱ्याचा हिशोब हमखास चुकतो, कारण ब्रिक्सची पट्टी उसाच्या साखरेसाठी केलेली आहे. ऐंशी ब्रिक्सच्या मधात पाणी २० टक्के नसते, साधारण साडेअठरा असते. साधन शून्यावर लावायला साधे पाणीही चालत नाही, कारण मधाच्या रिफ्रॅक्टोमीटरची पट्टी ५८ ब्रिक्सच्या आसपास सुरू होते. त्यासाठी सोबत मिळणारा काचेचा ठोकळा आणि त्याचे तेल जपून ठेवावे लागते. गोठलेला मध तर तसाच मोजूच नये. सूर्यफुलाचा मध लवकर साखरतो आणि सोलापूरच्या थंडीच्या रात्री साधारण त्याच तापमानाच्या असतात ज्याला मध सर्वांत वेगाने गोठतो. खडे बनताना ग्लुकोज आपल्याबरोबर थोडेच पाणी धरते, उरलेले पाणी द्रव भागात साठते. म्हणून अर्धवट साखरलेल्या डब्याच्या वरच्या पातळ भागातला नमुना खऱ्यापेक्षा जास्त पाणी दाखवतो आणि तळाचा कमी. गंमत अशी की यीस्टलाही हा वरचा पातळ भागच लागतो, म्हणून अख्ख्या मधाची सरासरी १८ असूनही साखरलेला डबा आंबू शकतो. नमुना बंद बाटलीत घालून कोमट पाण्यात पूर्ण विरघळवून, ढवळून मगच मोजावा. प्रयोगशाळेत यापेक्षा अचूक म्हणून कार्ल फिशर पद्धत वापरतात. भट्टीत वाळवून वजन घेण्याची पद्धत मात्र मधाला मानवत नाही, कारण त्या उष्णतेत फ्रुक्टोजच तुटू लागते. पुण्यात १९६२ मध्ये स्थापन झालेल्या केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्थेत अशा तपासण्या होतात. सोलापूरच्या मधपाळाने वर्षातून एकदा आपल्या साधनाचा आकडा तिथल्या आकड्याशी ताडून घेतला तरी पुरे.

घरगुती कसोट्यांचे काय, असा प्रश्न येतोच. वात मधात बुडवून पेटवणे, टीपकागदावर थेंब ठेवून पसरतो का पाहणे, पाण्याच्या पेल्यात थेंब सोडणे. यांच्याकडे लोक शुद्धतेची परीक्षा म्हणून पाहतात, पण या बहुतांशी पाण्याच्या कसोट्या आहेत. मेळघाटातला किंवा महाबळेश्वरचा अस्सल पण ओला मध यात नापास होईल आणि घट्ट आटवलेला गुळाचा पाक सहज पास होईल. उलट बाजूही तितकीच खरी आहे. रिफ्रॅक्टोमीटर शुद्धता सांगत नाही. तांदळाचा किंवा मक्याचा पाक १८ टक्के पाण्यावर आणणे कारखान्याला कठीण नाही, आणि तो आकडा काचेवर छान दिसतो. डिसेंबर २०२० मध्ये सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंटने देशातल्या नामांकित मधांचे नमुने जर्मनीत आण्विक चुंबकीय अनुनाद पद्धतीने तपासून घेतले तेव्हा देशी कसोट्यांवर पास झालेले बरेच नमुने तिथे नापास झाले होते. कमी पाणी म्हणजे चांगला मध, हे समीकरण एवढ्याचसाठी धोक्याचे. कमी पाणी म्हणजे टिकणारा मध, इतकेच म्हणावे.

आता कमी करण्याकडे. आपल्याकडे सर्वांत रुळलेला मार्ग आचेचा. दुहेरी भांड्यात मध साठ-पासष्ट अंशांपर्यंत तापवून गाळायचा. यीस्ट मारायला ही पद्धत खरोखर उपयोगी आहे आणि खेड्यातल्या प्रक्रिया केंद्रांनी तिच्यावरच वर्षे काढली. पण यीस्ट मारणे आणि पाणी घालवणे ही दोन वेगळी कामे आहेत आणि आचेने दुसरे काम नीट होत नाही. झाकलेल्या भांड्यातून पाणी जातच नाही आणि उघड्या भांड्यातून जायला जितका वेळ लागतो तितक्यात सुगंध उडतो, डायस्टेज विकर मरते आणि एचएमएफ वाढतो. एचएमएफ हा साखर तुटून बनणारा पदार्थ. मधाचे तापणे आणि वय त्यावरून ओळखतात. किलोमागे ३० मिलिग्रॅम एचएमएफ जमायला ३० अंशांना शंभर ते तीनशे दिवस लागतात, ४० अंशांना वीस ते पन्नास, ६० अंशांना एक ते अडीच दिवस आणि ७० ला काही तास. भारतीय मर्यादा किलोमागे ८० मिलिग्रॅम आहे, म्हणजे तशी सैल. तरीही हा हिशोब सोलापूरकरांनी भिंतीवर लिहून ठेवण्यासारखा आहे, कारण इथे मध तापवायला चूल लागतच नाही. पत्र्याखाली एप्रिल-मेभर ठेवलेला डबा दिवसाचे कित्येक तास चाळिशीत काढतो. जी हवा पोळ्यातला मध वाळवते, तीच हवा डब्यातला मध म्हातारा करते. म्हणून इथल्या मधाची जागा पोळ्यात असेपर्यंत उन्हाळ्यात आणि डब्यात गेल्यावर थंड खोलीत.

निर्वात यंत्र हा दुसरा मार्ग. दाब कमी केला की चाळीस-पंचेचाळीस अंशांनाच पाणी उडते आणि एचएमएफ फारसा वाढत नाही. तांत्रिकदृष्ट्या हे चांगले आहे, यात वाद नाही. पण यातून एक वेगळीच वाट उघडते. यंत्र आहे म्हटल्यावर पिकायची वाट कशाला पाहायची? दोन दिवसांनी २८-३० टक्क्यांचा रस काढायचा, यंत्रात वाळवायचा आणि पुन्हा पेटी भरू द्यायची. जगातला मोठा स्वस्त माल असाच तयार होतो, असा मधपाळ संघटनांचा आक्षेप आहे. मधमाशीपालकांच्या जागतिक संघटनेने, अपिमोंडियाने, २०१९ च्या निवेदनात कच्चा मध काढून निर्वात यंत्राने वाळवण्याला मधाची भेसळ आणि फसवणूक म्हटले आहे. मला ते पटते. पक्वता म्हणजे फक्त पाणी कमी होणे नाही. माशी त्या दिवसांत रसात विकरे मिसळते आणि सुक्रोज तोडते. यंत्राला हे जमत नाही. असे असले तरी सगळ्याच वाळवण्याला या एका तागडीत तोलू नये. टोपण बहुतेक बसलेल्या चौकटींतली राहिलेली एक-दोन टक्के कसर भरून काढणे वेगळे आणि माशीचे काम बळकावणे वेगळे.

ती कसर भरून काढायला सोलापुरात यंत्र लागत नाही. मध चौकटीतच असताना चौकटी एका खोलीत, एकमेकींमध्ये बोटभर फट ठेवून, रिकाम्या पेट्यांच्या उतरंडीत उभ्या कराव्यात आणि खालून पंख्याची हवा द्यावी. हवा ३५ अंशांच्या आसपास आणि आर्द्रता चाळीसच्या खाली असली की उघड्या घरांतला मध एका-दोन दिवसांत एक ते तीन टक्के पाणी सोडतो. फेब्रुवारी-मार्चच्या दुपारी अशी हवा खिडकी उघडली की मिळते. अट इतकीच की खिडकीला बारीक जाळी हवी, नाहीतर आसपासच्या माश्या लुटीसाठी तुटून पडतात. उतरंडीचे पाय पाण्याच्या वाट्यांत हवेत, नाहीतर मुंग्या येतात. आणि मे महिन्यात ही खोली चाळीसच्या पुढे जाऊ देऊ नये, कारण मेण वितळायच्या बरेच आधी मऊ पडते आणि भरलेली चौकट आपल्याच वजनाने खचते. पावसाळ्यात हेच करायचे तर बंद खोली आणि ओलावा शोषणारे यंत्र लागेल, नाहीतर पंखा उलट मधाला पाणी पाजेल. त्यापेक्षा मृग आणि हस्त बहारातला मध शक्यतो माश्यांसाठीच ठेवावा. पावसाळ्यात फुलोरा तुटल्यावर वसाहतीला तो लागतोच आणि साखरेच्या पाकाचा खर्चही वाचतो.

चौकट केव्हा काढावी याचा नियम सगळ्यांना तोंडपाठ असतो : तीन चतुर्थांश टोपण बसले की काढा. कोरड्या दिवसांत तो पुरेसा आहे, उलट सूर्यफुलाचा बहर संपल्यावर आठवडाभर थांबले तर न सील झालेला मधही १८ वर आलेला असतो. दमट दिवसांत मात्र टोपणाखालचा मधही २० च्या पुढे असू शकतो, विशेषतः सातेरीचा. म्हणून चौकट आडवी धरून झटका द्यावा, थेंब उडाले तर ती परत ठेवावी, आणि न उडाले तरी उघड्या आणि बंद दोन्ही घरांतला थेंब काडीने काढून काचेवर ठेवावा. मधयंत्र फिरवण्याआधीची ही दोन मिनिटेच सगळ्यात मोलाची. चौकट परत गेली तर नुकसान शून्य असते. डबा परत आला तर नुकसान शंभर टक्के.

यावर तीन आक्षेप घेतले जातील आणि ते फुसके नाहीत. पहिला, २० टक्क्यांची रेषाच अन्यायाची आहे. सातेरी आणि आग्या यांचा मध, विशेषतः सह्याद्रीत, स्वभावतःच ओला असतो. ॲगमार्कच्या प्रतवारीत विशेष, अ आणि साधारण अशा तीन पायऱ्यांना २०, २२ आणि २५ टक्के पाणी चालत असे. मलेशियाने आपल्या बिनडंखी माश्यांच्या मधासाठी २०१७ मध्ये वेगळे मानक केले आणि ३५ टक्क्यांपर्यंत पाणी मान्य केले. भारतीय मानकही इतके आंधळे नाही. कारवीचा मध आपल्या घाटातला, दर काही वर्षांनी एकदा येणारा, आणि मानकात त्याला नावानिशी साखरेच्या प्रमाणात सूट आहे. पाण्यात मात्र कारवीलाही सूट नाही. माझ्या मते हे बरोबर आहे. साखरेचे प्रमाण फुलावर अवलंबून असते आणि फुलाचा स्वभाव मान्य केलाच पाहिजे. यीस्टला मध सातेरीचा की मेलिफेराचा याच्याशी काही देणेघेणे नसते. रेषा सैल करून महाबळेश्वरच्या मधपाळाचा मध टिकणार नाही. तिथे १९४६ पासून काम करणाऱ्या मध संचालनालयासारख्या संस्थांनी गावोगावी वाळवणीच्या खोल्या दिल्या तर टिकेल. आणि सोलापूरला तर ही सूट मागण्याचा हक्कच नाही.

दुसरा आक्षेप पैशाचा. १०० किलो मध २३ टक्क्यांचा असेल आणि तो २० वर आणायचा तर ९६.२५ किलोच उरतो. पावणेचार किलो पाणी उडते आणि ते मधाच्या भावाने विकले जाणार होते. पाचशे रुपये किलो भाव धरला तर १,८७५ रुपये. खरेदीदार २३ आणि १८ दोन्हीला सारखाच भाव देत असेल तर शेतकऱ्याने हे नुकसान का सोसावे? हा आक्षेप पूर्णपणे खरा आहे आणि त्याचे उत्तर मधपाळाकडे नाही, खरेदीदाराकडे आहे. दूध डेअरीत फॅट आणि एसएनएफवर भाव मिळतो, म्हणून पाणी घालण्याचा मोह आटोक्यात राहतो. मधाला तसे होत नाही तोवर प्रशिक्षण शिबिरांतली भाषणे वाया जाणार. मांघर हे २०२२ मध्ये देशातले पहिले मधाचे गाव म्हणून जाहीर झाले, पाठोपाठ पाटगाव आले. या गावांच्या नावावर मध खपतो तेव्हा गिऱ्हाईक टिकावूपणाचेही पैसे मोजत असतो, आणि त्यातला वाटा कोरडा मध देणाऱ्यापर्यंत पोहोचला पाहिजे.

तिसरा आक्षेप साधेपणाचा. पूर्वी कोण रिफ्रॅक्टोमीटर वापरत होते, तरी मध टिकत होताच की. टिकत होता, कारण पूर्वी मध थोडा निघायचा, घरात औषधाला राहायचा आणि तो आंबला तर कुणी तक्रार करत नसे. आज तो बरणीतून पुण्या-मुंबईच्या दुकानात वर्षभर उभा राहतो, आणि फेस आलेली बरणी परत येते तेव्हा तिच्यावर गावाचे नाव छापलेले असते.

सोलापूर जिल्ह्यात मध विकत घेणारी जी काही केंद्रे आहेत, मग ती खादी मंडळाची असोत, शेतकरी कंपन्यांची असोत वा खासगी, त्यांनी येत्या करडईच्या हंगामापासून एवढेच करावे. प्रत्येक डब्याचा नमुना सकाळी, तीस अंशांच्या आत, विरघळवून मोजावा आणि पावतीवर वजनाशेजारी पाण्याचा टक्का लिहावा. १८ च्या आतल्या मधाला जास्त भाव द्यावा, १८ ते २० ला चालू भाव द्यावा, आणि २० च्या पुढचा मध परत न पाठवता वाळवणीचा खर्च कापून घ्यावा. यासाठी नवा कायदा लागत नाही, नवे अनुदान लागत नाही. पावतीपुस्तकात एक रकाना वाढवावा लागतो.